कॅरव्हॅनचं लाल कुलूप

कॅरव्हॅनच्या पत्र्यावर पंजानं तीनदा थाप मारायची, एक पाऊल मागे सरायचं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचं, "आत कोणी आहे का? लाइन चालू करून राहिलो!" मग गप्प उभं राहायचं. चांगले दहा श्वास. आत कोणी नाही हे काकांना पक्कं ठाऊक असायचं, कारण आत जे कोणी होतं ते म्हणजे स्वतः काकाच, आणि ते नुकतेच बाहेर आलेले असायचे. तरी विचारायचे. उत्तर आलं नाही की मगच खिशातून किल्ली काढायचे.

एकदा या प्रश्नाला उत्तर म्हणून कोपऱ्यावरच्या घरातलं लठ्ठ मांजर बाहेर आलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की सगळ्या शंकांचा कायमचा निकाल लागला. "पाहा न पुणेकर, विचारलं नसतं तर?"

मी त्यांची शेजारीण. नॉटिंगहॅममधल्या एका चढावरच्या रस्त्याला, मधली भिंत सामाईक असलेली आमची दोन घरं. मी एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे लोकांनी केलेल्या कामातल्या चुका शोधून त्यांना कळवते. हा माझा धंदा आहे, आणि घरचे म्हणतात त्याप्रमाणे स्वभावही. शेजारी मराठी कुटुंब आहे हे कळल्यावर मी आनंदले कमी आणि सावध जास्त झाले. परदेशात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. शेजारी मराठी असला की अडीनडीला साखर मागता येते, पण मनासारखं भांडता येत नाही.

आणि भांडणाचं कारण तर एका सप्टेंबरात थेट टो-ट्रकला लागून आलं. वयानं माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, सायीच्या रंगाची, कंबरेला हिरवा पट्टा, खिडक्यांच्या रबरावर शेवाळ. ती कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, त्यांच्या ड्राइव्हवेमध्ये उभी राहिली आणि माझ्या स्वयंपाकघरातला उजेड गेला. मी त्याच दुपारी कौन्सिलकडे करायच्या तक्रारीचा मसुदा लिहिला. मुद्देसूद, तीन परिच्छेद, सोबत फोटो. तो अजूनही माझ्या ड्राफ्ट्समध्ये पडून आहे.

पाठवणार तेवढ्यात बेल वाजली. दारात सत्तरीकडे झुकलेले, काडीसारखे बारीक गृहस्थ. अंगात हॉस्पिटलचं जुनं फ्लीस, कानावर पेन्सिल, हातात मेजर टेप.

"जय भीम. बाजूलाच राहतो मी. तुमचा उजेड किती गेला ते दाखवता का? मोजून परत देतो."

मला वाटलं, टोमणा आहे. मी जिथून आले तिथे तो टोमणाच असता. पण हे गृहस्थ खरोखर आत आले, सिंकपाशी कॅरव्हॅनची सावली जिथवर पडली होती तिथे त्यांनी ओट्यावर पेन्सिलीनं खूण केली, आणि बाहेर जाऊन त्या धुडाला खांदा लावला. मग मीही सपाता घातलेल्या पायांनी मागे ढकलायला लागले. चार फूट सरकल्यावर त्यांनी विचारलं, "आता?"

"आता ठीक आहे."

"ठीक म्हणजे पहिल्याइतका का?"

"जवळजवळ."

हा शब्द त्यांना अजिबात पटला नाही. कॅरव्हॅन आणखी एक फूट मागे गेली, आणि माझी तक्रार तिथेच संपली. जाताना म्हणाले, "पुण्याच्या न तुम्ही? जवळजवळ म्हणाल्या तेव्हाच वाटलं." त्या दिवसापासून मी त्यांची पुणेकर झाले.

काका मूळचे नागपूरकडचे. तिकडच्या एका वीजकेंद्रात इलेक्ट्रिशियन होते. काकू नर्स. वीस-बावीस वर्षांपूर्वी इथल्या हॉस्पिटलांनी तिकडून नर्सेस बोलावल्या तेव्हा काकू आधी आल्या आणि काका मागाहून. "बायकोच्या व्हिसावर आलेला माणूस आहे मी," असं ते पदक दाखवावं तसं सांगायचे. पुढे त्यांनाही त्याच हॉस्पिटलच्या देखभाल विभागात काम मिळालं. काकू वॉर्डात, काका वॉर्डाच्या छतात. कधी कधी काकू औषधं देत असताना वरची फरशी सरकायची आणि त्यातून ओळखीचे बूट खाली लोंबायचे. काकू पेशंटला सांगायच्या, "घाबरू नका, ते माझे आहेत."

आता कॅरव्हॅन कशासाठी, ते सांगायला हवं. एप्रिलमधल्या जयंतीला काकांची इथली मंडळी एक हॉल भाड्यानं घेतात. आत भाषणं, लहान मुलांची गाणी, जेवण. पुस्तकांचा स्टॉल मात्र नेहमी बाहेर, पोर्चमध्ये. जयंतीहून रिकाम्या हातानं घरी जायचं नाही, एक तरी पुस्तक न्यायचं, ही या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. म्हणून स्टॉल दारातच हवा, येता-जाता दिसला पाहिजे. त्या दारातल्या वाऱ्यात गेली कित्येक वर्षं स्टॉलवर काकू बसायच्या. इथला एप्रिल हा फक्त कॅलेंडरवर वसंत असतो. काकूंच्या बोटांना एक दुखणं होतं. थंडी लागली की आधी टोकं आणि मग अख्खी बोटं खडूसारखी पांढरी पडायची, बधिर व्हायची. तीस-पस्तीस वर्षं दिवसातून पन्नास वेळा धुतलेले हात ते. लोक म्हणायचे, काकू, हातमोजे घाला. काकू म्हणायच्या, "हातमोजे घालून पान कसं उलटवू? न वाचता पुस्तक कोणाला दिलं नाही मी आजवर."

त्या वर्षीच्या जयंतीला एका मुलीला पुस्तक देताना ते काकूंच्या हातातून पडलं. बोटं मिटलीच नाहीत. काकांनी पुस्तक उचललं, फुंकर मारून पुसलं आणि मुलीला दिलं. पाच महिन्यांनी ती कॅरव्हॅन आली.

"पुढच्या जयंतीला ती गरम हवेत बसली पाहिजे," काका म्हणाले. "दार उघडं, दिवे लागलेले, पुस्तकं मांडलेली, अन् ती आत स्वेटर काढून बसलेली. बास. बाकी मला काही नको. बेसिंगस्टोकची मंडळी पण बोलावून राहिली, तिकडे पण नेऊ. पण पहिले ही जयंती."

मी मदतीला कशी लागले, ते मलाही नीट सांगता येणार नाही. पहिल्या दिवशी टॉर्च धरायला बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन गेले. घरून काम करणाऱ्या माणसाला दिवसभरात कोणाचा चेहरा दिसत नाही, हेही एक कारण असेल.

आतली वायरिंग म्हणजे चार मालकांच्या अकलेचं प्रदर्शन होतं. मूळची कॅरव्हॅन गॅसच्या दिव्यांची. त्यावर पुढे कोणी विजेचा एक दिवा वाढवला, कोणी फ्रिज, कोणी टीव्ही. जोड सगळे चिकटपट्टीचे. एक वायर कपाटामागून निघून, दोन भिंती ओलांडून, सुबकपणे कुठेच जात नव्हती. मी असल्या चुकांवर तुटून पडणारी बाई. "कोण मूर्ख होता हा?" असं मी म्हटलं की काका चष्मा वर करून वायर न्याहाळायचे. "मूर्ख काऊन? त्याला काही तरी उजळायचं होतं. अर्धवट राहिलं बिचाऱ्याचं." आणि ती वायर गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेवायचे.

सगळं उपटून नव्यानं सुरू केलं. बाहेरून वीज जोडायचा नवा सॉकेट, दाराशी छोटा स्विचबोर्ड, गळती झाली तर क्षणात वीज तोडणारं यंत्र, बाकाखाली बॅटरी, छताला बारीक दिवे. आणि हीटिंग. जुनी गॅसची शेगडी काढून तिथे पंख्यानं गरम हवा ढकलणारा हीटर. गॅसच्या नळीला मात्र काकांनी बोट लावलं नाही. त्यासाठी परवाना असलेला माणूस बोलावला आणि तो काम करत असताना काका हात मागे बांधून, पाहुण्यासारखे बाहेर उभे राहिले. "ते आपलं नाही. जे आपलं नाही ते येत असलं तरी करायचं नाही."

आणि जे त्यांचं होतं त्याला कुलूप. अंगठ्याएवढं लाल कुलूप. काम सुरू करायच्या आधी मेन स्विच आणि बॅटरीचा स्विच दोन्ही खाली ओढायचे. ते दोन्ही अडकून राहतील अशी पत्र्याची पट्टी त्यांनी स्वतः बनवली होती. तिच्यात लाल कुलूप घालायचं, किल्ली पँटच्या उजव्या खिशात, आणि कुलुपाला एक पाटी. पाटीवर त्यांचं नाव, फोन नंबर, आणि इंग्रजीत व खाली निळ्या मराठी अक्षरांत लिहिलेलं, "माणूस कामावर आहे." एक दिवा बदलायचा असला तरी हे सगळं. जेवायला गेले तरी कुलूप तसंच. मी एकदा म्हटलं, "काका, इथे आपण दोघंच आहोत. कोण येऊन चालू करणार आहे?" ते नुसतं "हो न," म्हणाले आणि कुलूप ओढून पाहिलं, नीट लागलं का ते.

चालू करणारी मीच निघाले.

जानेवारी होता. काका मागच्या बाकाखाली शिरले होते, आणि जागा इतकी अरुंद की जॅकेट काढून दाराच्या कडीला अडकवलं होतं. त्या एका दिवशी किल्ली जॅकेटात. मला त्यांनी घरातून क्लिपांचं पाकीट आणायला पाठवलं. मी परत आले तर आत सामसूम. मला वाटलं, काका चहाला गेले. छताचे नवे दिवे कसे दिसतात ते पाहायची मला कधीची घाई. मी जॅकेटातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि स्विच वर केला.

"बंद!"

बाकाखालून एवढा एकच शब्द आला. मी स्विच खाली पाडला. काका रांगत बाहेर आले, केसांत धूळ, चेहरा पांढरा. स्विचचा आवाज ऐकून त्यांनी हात आखडला होता. वीतभर अंतर होतं, असं ते नंतर म्हणाले. ते रस्त्याकडे तोंड करून पायरीवर बसले. मी रडकुंडीला आले होते.

"सॉरी काका. मला वाटलं, झालं असेल."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"माझा मोठा भाऊ लाइनमन होता," ते म्हणाले. "खांबावर होता. खाली ज्यानं स्विच टाकला, त्यानं चौकशीत हेच सांगितलं. मला वाटलं, झालं असेल. चांगला माणूस होता तो, आमच्या घरी जेवून गेलेला. त्यानं फक्त विचारलं नाही. वर तोंड करून एकदा विचारायचं होतं न, कोणी आहे का म्हणून."

मी आयुष्यात पुष्कळांच्या चुका काढल्या आहेत, पण त्या दिवशी जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती. उद्यापासून येऊ नका म्हणतील, असंच मी धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्या हातात एक निळं कुलूप ठेवलं, किल्लीसकट. पाटीवर माझं नाव सुवाच्य अक्षरांत लिहिलेलं.

"चूक माझी पण आहे. किल्ली जॅकेटात ठेवली. अन् तुम्हाला कुलूपच दिलं नाही. जो काम करतो त्याचं कुलूप पाहिजे. आपलं आपण लावायचं, आपलं आपण काढायचं. दुसऱ्याचं काढायचं नाही. मग तो किती का ओळखीचा असेना."

तेव्हापासून पट्टीत दोन कुलपं लोंबू लागली, लाल आणि निळं. मी टॉर्च धरायला गेले तरी आधी निळं लावायची. काकूंना याची मोठी गंमत वाटायची. "दोघं जणू बँकेची तिजोरी बांधून राहिले," म्हणायच्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सगळं तयार झालं. काकांचे हॉस्पिटलातले जुने जोडीदार, एक उंच, मितभाषी, इथलेच गृहस्थ, येऊन प्रत्येक सर्किट मीटरनं तपासून गेले. मग काकूंना समारंभानं बोलावणं झालं. काकांनी पत्र्यावर तीनदा थाप मारली, विचारलं, थांबले, चालू केलं. हीटरनं घसा खाकरला आणि गरम हवा सुरू झाली. बाहेर बर्फमिश्रित पाऊस होता आणि आत पाच मिनिटांत माझ्या चष्म्यावर वाफ. काकांनी हवेचं तोंड बरोबर काकूंच्या बाकापुढे, जमिनीपासून चार बोटं वर आणलं होतं. कितीदा मोजलं होतं त्यांनी ते!

काकू आत आल्या. दिवे पाहिले, पुस्तकांच्या फळ्यांवरून हात फिरवला. मग बूट काढले, बाकावर चढल्या आणि ऐसपैस मांडी घालून बसल्या.

काका वाट पाहत होते. "लागून राहिली का हवा?"

"कुठे?"

"पायाला."

काकूंनी वाकून खाली पाहिलं. गरम हवेचा झोत त्यांच्या रिकाम्या बुटांवर मन लावून पडत होता. "बुटांना लागून राहिली," त्या म्हणाल्या. "चांगले वाळतील."

काकांनी खिशातला टेप चाचपला. "मी मोजलं होतं न."

"कोणाचं मोजलं?"

"बसून पाहिलं मी. माझ्या पायाला बरोबर..."

"पाय तुमचे गार पडतात, जी. माझे हात." काकूंनी दोन्ही हात वर करून दाखवले. "अन् मी कधी पाय सोडून बसली का घरात? चाळीस वर्षं झाली."

तुम्हाला काय सांगू, मी सहा महिने त्या कॅरव्हॅनमध्ये चुका शोधत होते आणि ही मलाही दिसली नव्हती. पोर्चमध्ये काकू खुर्चीवर बसायच्या, म्हणून आम्ही दोघांनीही खुर्चीवरच्या काकू डोळ्यांपुढे धरल्या होत्या. रुंद बाक मिळाला की हे माणूस मांडी घालणार, हे कोणत्याही मराठी घरातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. काका आधी ओशाळले आणि मग हसायला लागले. इतके, की शेवटी चष्मा काढून बाकावर बसले. काकूही हसत होत्या. त्या दोघांना तसं शेजारी बसून हसताना मी पाहिलं, याचं मला फार बरं वाटतं.

मग त्यांनी टेप काढला. मांडी घातलेल्या काकूंच्या मनगटाची बाकापासूनची उंची मोजायला त्यांचा हात हातात घेतला. आकडा मिळाला तरी हात सोडला नाही. "गार आहेत," ते म्हणाले, पहिल्यांदाच कळल्यासारखे. "एका दिवसाचं काम आहे. पाइप वर घेतो, टेबलाच्या कडेशी तोंड काढतो. हवा डायरेक्ट हातावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल कुलूप लागलं. माझी मीटिंग होती म्हणून निळं लागलं नव्हतं. दुपारी काका जेवायला घरात गेले. त्यानंतर मी ऐकला तो काकूंचा आवाज. सामाईक भिंतीतून, माझ्या नावानं मारलेली हाक.

काकांच्या मेंदूत गुठळी होती. ज्या हॉस्पिटलच्या छतात त्यांनी इतकी वर्षं काढली तिथेच ते तीन दिवस होते. काकू त्यांच्याजवळ बसून, नर्स बसते तशा, मशीनवरचे आकडे वाचत राहिल्या. आकडे त्यांना कळत होते, हेच सगळ्यात वाईट होतं. तिसऱ्या दिवशी काका गेले.

क्रॉयडनहून मुलगी आली. पांढरे कपडे घातलेली माणसं आली, वंदना झाली, घर भरलं आणि आठ-दहा दिवसांत रिकामंही झालं. मुलगी आईला आपल्याकडे न्यायला बघत होती. काकू म्हणाल्या, जयंती होऊ दे. मंडळींनी फोन केला, काकू, यंदा स्टॉल राहू द्या, आराम करा. त्यावर काकू हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला रोज ती कॅरव्हॅन दिसायची. दाराच्या काचेतून आतली पाटी वाचता यायची. माणूस कामावर आहे. भांडी घासताना मी ती वाचायचे आणि नळ तसाच वाहत राहायचा. काकांनी ज्यासाठी एवढं केलं ते एका कुलपामागे अडून बसलं होतं, आणि ते तोडा असं म्हणायची माझी छाती होत नव्हती. काम पुरं झालं होतं की नाही, हेही कोणाला माहीत नव्हतं. झालं असेल, असं म्हणायला मी आता तयार नव्हते.

जयंतीला दोन आठवडे उरले तेव्हा मी काकांच्या हॉस्पिटलातल्या जोडीदाराला फोन केला. ते आले. मी माझं निळं कुलूप लावलं, त्यांनी आपलं पिवळं लावलं, आणि आम्ही आत गेलो. ते बाकाखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग म्हणाले, "डक," (इथे मायेनं अशीच हाक मारतात) "सगळं झालंय. पाइप वर घेतलाय, सगळे जोड पक्के आहेत. फक्त झाकणाचे चार स्क्रू राहिलेत." ते चार स्क्रू त्यांनी मला लावायला दिले. मी कधी एवढ्या सावकाश स्क्रू लावले नव्हते.

बाहेर आल्यावर त्यांनी पिवळं काढलं, मी निळं काढलं. लाल एकटं राहिलं. त्यांच्या व्हॅनमध्ये कुलूप तोडायची मोठी कात्री होती. ती आणायची का, असं त्यांनी नजरेनंच विचारलं. एवढ्यात काकू शाल गुंडाळून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"नको," काकू म्हणाल्या. "त्यांना आवडणार नाही."

"किल्ली कुठे असेल, काकू?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

त्या घरात गेल्या आणि हॉस्पिटलची प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. गेलेल्या माणसाचे कपडे, चष्मा, घड्याळ ज्यात घालून देतात ती. पिशवीची गाठ तशीच होती. "नोकरीत किती जणांच्या हातात दिल्या अशा," त्या म्हणाल्या. "लोक घरी नेऊन उघडत नाहीत, असं ऐकायची. मला वाटायचं, काऊन नाही उघडत?"

त्या पायरीवर बसल्या. गाठ सुटेना, बोटं पांढरी पडली होती. मी पुढे झाले तर त्यांनी मान हलवली. मग दातांनी गाठ सैल केली. आतून पँट काढली, गुडघ्यांवर पसरली, तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि उजव्या खिशात बोटं घातली. किल्ली होती. मी तोंड फिरवलं, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि ते त्यांना दिसायला नको होतं. जोडीदार गृहस्थ आपल्या बुटांकडे पाहत उभे होते.

"दुसऱ्यानं काढायचं नाही न?" काकूंनी मला विचारलं.

"तुम्ही दुसऱ्या नाही," मी म्हटलं.

काकू उठल्या. मला वाटलं, त्या सरळ आत जाऊन कुलूप उघडतील. पण त्या कॅरव्हॅनच्या बाजूला गेल्या, जिथे काका उभे राहायचे तिथे. पांढऱ्या पडलेल्या पंजानं पत्र्यावर तीनदा थाप मारली. एक पाऊल मागे सरल्या.

"आत कोणी आहे का?" तेवढा आवाज गल्लीला ऐकू गेला नसता, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, मोठ्यानं. "आत कोणी आहे का? लाइन चालू करून राहिली मी!"

आणि त्या थांबल्या. काका दहा श्वास थांबायचे. काकू त्याहून कितीतरी जास्त थांबल्या. आम्ही कोणी हललो नाही. रस्त्यावरून एक गाडी गेली, कोपऱ्यावरचं मांजर कुंपणावर येऊन बसलं, आणि कॅरव्हॅनमधून काहीही आवाज आला नाही.

मग काकू आत गेल्या, कुलूप काढलं, पाटी काढून पदरात ठेवली आणि दोन्ही स्विच वर केले. छताचे दिवे लागले. हीटरनं घसा खाकरला. त्यांनी बूट काढले, बाकावर चढून मांडी घातली आणि टेबलावर हात ठेवले. कुठे ठेवायचे ते बघावं लागलं नाही. हवा बरोबर बोटांवर येत होती.

मी दारात उभी होते. पांढरी बोटं हळूहळू गुलाबी होईपर्यंत काकू हातांकडे पाहत बसल्या. मग मला म्हणाल्या, "पुस्तकांची खोकी आणा, पुणेकर. अन् दार राहू द्या उघडं."